मदत हवी आहे: १५ मिमी नळीला कोणता एअर स्ट्रिपर बसवावा?

एअर स्ट्रिपर म्हणजे नळीच्या तोंडाला बसवायचा, पेलेटमागून येणारी हवा बाजूला वळवणारा भाग; पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी. ठाण्यात राहतो. १० मीटर एअर रायफल नेमबाजीसाठी रायफल जुळवून घेतली आहे: सेकंडहँड पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी सोडणारी यंत्रणा, आणि नळी, त्यावर स्थानिक सुताराकडून बनवलेला लाकडी स्टॉक (दस्ता). कॅलिबर ४.५ मिमी. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर १५ मिमी भरतो आणि तोंडाला आटे नाहीत, त्यामुळे स्क्रूने आवळायचाच स्ट्रिपर लागेल.

मित्राकडचा १६ मिमीचा स्ट्रिपर पितळी पत्र्याची शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घालून लावून पाहिला. ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) लगेच पसरला. काढला की पुन्हा नीट, म्हणजे पेलेट आणि नळी ठीक आहेत. स्ट्रिपरच्या भोकाला एका बाजूला शिशाचा ओरखडाही दिसतो. शिममुळे तो मध्यात बसत नसावा. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे एवढा फरकही चालत नाही.

स्पर्धेत वापरायची असल्याने नियमात बसायला हवी: वजन ५.५ किलोच्या आत (सध्या ५.२ आहे), अ‍ॅक्शनच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत (पुढे जोडलेला भाग धरून) जास्तीत जास्त ८५० मिमी. फोरसाइटही (नेम धरायची पुढची माशी) पुढेच बसते, म्हणून स्ट्रिपर आखूड हवा. नळीला आटे पाडायचे नाहीत.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्यायचा विचार आहे. टर्नरला नेमकी मापं द्यावी लागतील. ज्यांनी असा बनवून घेतला आहे त्यांनी सांगावं: ४.५ मिमी पेलेटसाठी पुढचं भोक किती मिमी ठेवलंत, आणि नळीच्या तोंडापासून ते किती अंतरावर?