हायस्कूलमध्ये वर्षभराचा व्यसनमुक्ती आणि सुरक्षा कार्यक्रम कसा बसवावा? (गुहागर तालुका)

पाखाडी

नमस्कार. खाडीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिकवतो. आठवी ते दहावी मिळून दोनशेच्या आसपास मुलं, चार-पाच वाड्यांवरून येणारी, काही चालत, काही एसटीने. दरवर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी, शपथ आणि निबंध स्पर्धा होते, नंतर वर्षभर काही नाही. मुतारीच्या मागे माव्याच्या पुड्या सापडतात. काही मुली घरून मिश्री लावून येतात. नववी-दहावीतले मुलगे मोटारसायकली आणतात आणि पावसाळ्यानंतर सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या) बंद चिरेखाणीत पोहायला जातात.

यंदा मुलांच्या पुढाकाराने चालणारा कार्यक्रम बसवायचा आहे. आठवड्याला एक तासिका मिळेल, पैसे जवळपास नाहीत. मुलं कशी निवडायची आणि त्यांना नेमकं काम काय द्यायचं? टपरी शाळेच्या जवळच आहे, कायद्यातले ते 100 यार्ड कुठून मोजायचे? मावा खाणारा मुलगा सापडला तर काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत एक सूचना आली आहे की टपरीवर कोण जातं याची नोंद मुलांनाच ठेवू द्या. जाणकारांनी सांगावं.

कातळसडा

सर, आधी त्या सूचनेबद्दल. मुलांना टपरीवर पाळत ठेवायला अजिबात लावू नका. टपरीवाला गावातलाच, कुणाचा तरी काका किंवा भाऊबंद. नाव कुणी दिलं हे संध्याकाळपर्यंत वाडीत कळतं, मूल घरी मार खातं आणि पुन्हा त्या गटाकडे कुणी फिरकत नाही. शिवाय गटातली मुलं 'चहाडखोर' ठरली की त्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणजे ज्यासाठी गट केला तेच संपतं. टपरीचं काम मोठ्यांनी करायचं.

निवड शिक्षकांच्या पसंतीने करू नका. शिक्षक नेहमी हुशार, नीटनेटकी, भाषण करणारी मुलं निवडतात आणि मागच्या बाकावरचे त्यांच्याकडे बघतही नाहीत. आठवी आणि नववीच्या प्रत्येक मुलाला चिठ्ठी द्या: 'अडचण आली तर शाळेत कुणाला सांगशील? तीन नावं लिही.' स्वतःचं नाव लिहायचं नाही. दोन शिक्षकांनी मिळून मोजणी करायची आणि चिठ्ठ्या लगेच फाडून टाकायच्या. त्यात वर्गात मस्ती करणारं एखादं नाव वर येईल, ते गाळू नका, मुलं ऐकतात ती त्याचंच. दहावीची मुलं घेऊ नका, दिवाळीनंतर ती सराव परीक्षांत अडकतात.

आणि गट वर्गवार न करता वाडीवार करा. आपल्याकडे मुलं वाडीने एकत्र येतात-जातात आणि पहिली पुडी बहुधा त्याच वाटेवर हातात पडते. प्रत्येक वाडीतून दोन मुलगे, दोन मुली. पाच वाड्या म्हणजे 20 मुलं. एका शिक्षकाला एवढी झेपतात.

26 जूनवर भिस्त ठेवू नका. शाळा उघडून जेमतेम दहा दिवस झालेले असतात, धो धो पाऊस, हजेरी अर्धी. 31 मे, तंबाखूविरोधी दिन, तर मे महिन्याच्या सुट्टीतच जातो. 26 जूनला फक्त चिठ्ठ्या घ्या. जुलैत गट पक्का करा. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, थोराड मुलगे होडीवर जायला लागतात, हातात रोख पैसे येतात. पाठोपाठ गणपती, रात्रभर भजनं आणि जागरणं. म्हणून पुडी नाकारण्याचा सराव गणपतीच्या सुट्टीआधी झालाच पाहिजे, पुन्हा एकदा शिमग्याआधी. या दोन वेळा साधल्या तर बाकी कार्यक्रम पुढेमागे झाला तरी चालतो.

तासिका 35 मिनिटांची धरली तर आठ ते दहा तासिका पुरतात. त्यातली माहिती दोनच तासिकांत संपवा. कॅन्सरचे फोटो दाखवून मुलं घाबरतात, पण आठवड्याभरात ती भीती ओसरते. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसला सुरू झालेला डेअर हा व्यसनविरोधी कार्यक्रम गणवेशातले पोलीस वर्गावर पाठवत असे आणि फार लोकप्रिय होता. पुढे मोजून पाहिलं तेव्हा व्यसनावर त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. मग अभ्यासक्रम बदलून सरावावर भर द्यावा लागला.

सराव असा: जोड्या करा. पुडी पुढे करणाऱ्याची भूमिका शिक्षकाने करायची, मुलाने नाही. मुलाला दिली की तो ती रंगवतो, वर्ग हसतो आणि मुलं तीच शिकून जातात. पथनाट्यातला झिंगलेला माणूस याच कारणाने नको.

शिक्षक: 'घे रे, एकदा खाऊन काय होतंय?'
मुलगा: 'नको.'
शिक्षक: 'घाबरलास काय आयशीला?'
मुलगा: 'नको म्हटलं ना. चल, एसटी येईल.' आणि चालू लागायचं.

छोटा नकार, कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, जागा सोडायची. कारण दिलं की समोरचा ते खोडतो. प्रत्येक मुलाने हे तोंडाने आणि पायाने, म्हणजे खरंच तिथून निघून, तीन-चार वेळा करायला हवं. वहीत लिहून घेऊन काही होत नाही.

एक आकडा मात्र जरूर सांगा. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे शंभरात नव्वदच्या वर मुलं वापरत नाहीत. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा, ते बहुधा निम्म्याच्या पुढे जातात. 'सगळेच खातात' हा समज मोडणं फोटोंपेक्षा कामाचं आहे.

खाडीकाठ

100 यार्डांचं सांगतो. सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादने कायदा 2003, कलम 6. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि 18 वर्षांखालच्याला तर कुठेच नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सगळ्या बाजूंनी मोजायचं, रस्त्याच्या वळणावळणाने नाही आणि शाळेच्या दरवाजापासूनही नाही. आपल्याकडे वाद इथेच होतो. पायऱ्यांच्या वाटेने चालत गेलं तर टपरी दीडशे मीटर भरते, पण सरळ रेषेत सत्तर. जांभ्याचा गडगा (दगडांची बुटकी भिंत) असेल तर तोच कुंपण. गडगा पडलेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीचा नकाशा घ्या आणि हद्दीपासून मोजा. 30 मीटरची टेप, दोन शिक्षक आणि पोलीस पाटील. मोजणीचा साधा पंचनामा करून तिघांच्या सह्या.

100 यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेषा जूनमध्ये मारू नका, पावसात टिकत नाही. दिवाळीनंतर डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ऑइलपेंटने मारा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, रंग धरत नाही, तिथे लाकडी खांब रोवून फळी लावा. दरवाजावरचा 'तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था' फलक किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, त्यावर जबाबदार शिक्षकाचं नाव, हुद्दा आणि फोन. आवारात थुंकल्याच्या खुणा दिसता कामा नयेत हाही केंद्राच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या निकषांतला एक मुद्दा आहे, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीपासून सुरुवात करा. एखादे सर पुडी खिशात ठेवून वर्गावर जात असतील तर बाकी सगळं वाया.

टपरीवाल्याकडे आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना घेऊन जा. तंबाखू बाजूला ठेवून बिस्किटं, वह्या, रिचार्ज विकायला कुणी अडवत नाही, हे त्याला नीट सांगा. त्याचंही पोट आहे. ऐकलं नाही तर 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावाच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात अर्ज द्या. कलम 6 चा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, त्याने कुणी हलत नाही. अर्जात बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 लिहा: वैद्यकीय सल्ल्याशिवाय बालकाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासून बंदीच आहे, त्याची तक्रार अन्न आणि औषध प्रशासनाकडे वेगळी करायची. सगळ्या अर्जांवर सही मुख्याध्यापकांची. मुलांची नावं कुठेही नकोत.

पाखाडी

दोघांचेही आभार. मोजणी सरळ रेषेत करायची हे माहीत नव्हतं, आमच्याकडे वाद त्यावरच अडलाय. आता खाणाऱ्या मुलाचं आणि मिश्रीचं कुणी सांगेल का? आमच्याकडे दाखला हातात देण्याची भाषा सुरू आहे.

समुपदेशक_दापोली

दाखला देऊ नका. शाळेतून काढलेला मुलगा दुसऱ्या दिवशी बंदरावर किंवा चिरेखाणीवर कामाला लागतो आणि तिथे दिवसभर पुडी हाताशी असते. दप्तरं सगळ्यांसमोर झडतीला घेणंही टाळा. मुलं पुडी दप्तरातून काढून गडग्याच्या भोकात ठेवतात, एवढाच फरक पडतो.

एकट्याला बोलवा, शक्यतो ज्या शिक्षकाशी तो मोकळा बोलतो त्यांनी. तीन प्रश्न: दिवसाला किती पुड्या, सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली, आणि पैसे कुठून येतात. उठल्या उठल्या अर्ध्या तासात लागत असेल तर सवय पक्की झाली आहे असं समजा आणि नुसत्या समजावणीवर थांबू नका. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये पाठवा, तिथे किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक असतात. तंबाखू सोडण्यासाठी 1800112356 हा मोफत नंबर आहे. तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, मुलांना शोधायला लावा. गांजा, दारू किंवा पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं असेल तर 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन. पैशाच्या प्रश्नाचं उत्तर 'अमुक माणूस देतो' असं आलं तर कान टवकारा. त्यामागे लैंगिक छळ निघाला तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत बैठक घेऊन मिटवता येत नाही. 1098 या चाइल्डलाइनलाही फोन करा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस फार जड जातात: चिडचिड, डोकं दुखणं, अभ्यासात लक्ष नसणं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरत जातं. त्या दिवसांत त्याला वर्गात उभं करून ओरडू नका, शिक्षकांना आधी कल्पना देऊन ठेवा. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते. पाणी प्यायचं, बडीशेप किंवा लवंग चघळायची, मैदानाला एक फेरी मारायची. सुपारी मात्र द्यायची नाही. आपल्याकडे सुपारी घरच्या बागेतली, पाहुण्याला श्रीवर्धनी रोठा कातरून देतात, त्यामुळे ती कुणाला व्यसन वाटतच नाही. पण सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे आणि तोंड आखडण्याचं मुख्य कारण तीच. मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, तेव्हा नुसती तंबाखू काढून भागत नाही. मुलाला आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते बघायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर थेट दंतवैद्याकडे.

मिश्रीचा रस्ता वेगळा आहे. मुलीला ती आई किंवा आजीकडून मिळते, बहुतेक वेळा दात दुखतो म्हणून किंवा पोट साफ होत नाही म्हणून. भाजून पूड केली तरी ती तंबाखूच, आणि निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. मुलीला वर्गात बोलून उपयोग नाही. वाडीत दुपारी तीननंतर, पाणी-जेवणं आटोपल्यावर, आशाताईंना घेऊन आयांची बैठक लावा. 'सोडा' ने सुरुवात न करता 'दात कधीपासून दुखतो' ने करा. दुखऱ्या दातावर इलाज झाला की मुलीचं मिश्रीचं कारण संपतं. शाळा आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा या मुलींचे दात आधी दाखवा.

जांभा_चिरा

चिरेखाणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ही सगळ्यात घातक जागा आहे. चिरे मशीनने सरळ उभे कापलेले असतात, त्यामुळे भिंत तासलेली, उताराची कड नाही, हात-पाय ठेवायला जागा नाही आणि वर शेवाळ. पट्टीचा पोहणारा मुलगाही बाहेर चढता येत नाही म्हणून दमून बुडतो. आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही.

वाडीगटाला हे काम द्या: शाळेच्या वाटेचा नकाशा काढून त्यावर चिरेखाण, साकव (छोटा पूल), वहाळ (ओढा), लोंबणाऱ्या तारा दाखवायच्या. साकवावरून पाणी जात असेल तर ओलांडायचं नाही, अलीकडच्या घरी थांबून शाळेला फोन. गटप्रमुख सगळ्यात शेवटी जातो आणि डोकी मोजतो. खाणीजवळ पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन टांगून ठेवा, झाकण घट्ट, आत पेलाभर पाणी म्हणजे लांब फेकता येतो, आणि त्याला 15 ते 20 मीटर नायलॉनची दोरी. फेकणाऱ्याने आधी कडेवर पालथं पडायचं, उभ्याने ओढलं तर तोच आत जातो. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छाती दाबणं लगेच सुरू, दुसऱ्याने 108 ला फोन. हा सराव आरोग्य केंद्रातल्या कुणाकडून तरी करून घ्या.

मोटारसायकलीचं: 16 व्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, घरोघरी असलेल्या स्कूटर त्यात बसत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, मुलाला 25 व्या वर्षापर्यंत परवाना नाही. हे पालकसभेत वाचून दाखवा.

त्याच सभेत एक करार भरून घेता येईल. 1981 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँडच्या हायस्कुलात सुरू झालेल्या सॅड या विद्यार्थी चळवळीची ती पद्धत आहे, इकडे चांगली लागू पडते. मुलाने लिहून द्यायचं: प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर बसणार नाही, कितीही रात्र झाली तरी घरी फोन करीन. घरच्यांनी लिहून द्यायचं: आम्ही येऊ किंवा कुणाला पाठवू, आणि त्या वेळी ओरडणार नाही, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. दुसरं वाक्य गाळलं तर मूल फोन करत नाही. शिमगा आणि गणपतीच्या आधी पुन्हा वाचून घ्या. सही वडिलांचीच असा हट्ट धरू नका, वडील मुंबईत असतात. रात्री फोन उचलणारी आई किंवा आजोबा, त्यांची घ्या, आणि करारावर त्यांचाच नंबर.