डायनासोरच्या पोटातून कापूस दिसून राहिला

गुरुवार

गोलूची आई (बी-२०४): नमस्कार सगळ्यांना. जरा वेगळं विचारते. रविवारी गोलूला ६ वर्षं पूर्ण होतात. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातले डायनासोर पाहून आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. म्हणून त्याच्यासाठी क्रोशाचा छोटा डायनासोर विणायला घेतला. इंटरनेटवरून नमुना घेतला, टाके मोजून मोजून घातले, तरी पोटाला भोकं पडली आणि आतला कापूस बाहेर दिसून राहिला. आकारही गोल येत नाही, कानटोपीसारखा लांबट होतो. मान तर उभीच राहत नाही. कोणाला क्रोशा येतो का?

गोलूची आई (बी-२०४): [फोटो]

बी-१०२: वहिनी, रंग मस्त निवडला. मेहंदी कलर शोभून दिसतो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी साफ करायची आहे. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

ए-१०१ काकू: बेटा, फोटो मोठा करून पाहिला. चष्मा लावून पाहिला. हा मुका खांब नाही, म्हणजे बुटका टाका नाही, हा उंच खांब घातला आहे तू. खेळण्याला खांब चालत नाही, जाळी होते. नमुन्यात काय लिहिलं आहे ते सांग बरं.

गोलूची आई (बी-२०४): काकू, नमुन्यात सगळीकडे ‘डबल क्रोशे’ लिहिलं आहे. मला ते येत नव्हतं, म्हणून व्हिडीओ पाहून शिकली आणि तसंच घातलं.

ए-४०२ ताई: वहिनी, सापडलं! तुमचा नमुना ब्रिटिश आहे आणि व्हिडीओ अमेरिकन. मी पण पहिल्यांदा असाच अख्खा ससा वाया घालवला होता. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे काकू म्हणतात तो खांब, चांगला उंच. नाव एकच, टाके दोन वेगळे. ओळखायची सोपी खूण आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकन समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

ए-१०१ काकू: मला शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलं तेव्हापासून मुका खांब म्हणजे मुका खांबच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. याच्यात घोळ होत नाही. इंग्रजी नमुना घेतला की आधी त्यातल्या प्रत्येक शब्दापुढे आपलं नाव लिहून ठेव आणि मगच सुई हातात धर.

गोलूची आई (बी-२०४): म्हणजे पूर्ण उसवू? दोन रात्री जागून केलं आहे काकू 😔

ए-१०१ काकू: उसव. रडू नको. सुती धागा आहे ना? उसवलेला धागा वाकडातिकडा राहतो, तो तसाच विणला तर टाके सारखे येत नाहीत. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड कर, दोन ठिकाणी सैल बांध, पाण्यात भिजव, पिळू नको, नुसती टांगून ठेव. आपल्या इकडच्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत सरळ होते. पाणी उद्या बंद आहे, आजच भिजव.

मुका खांब असा. सुई टाक्यात घालायची, धागा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे झाले, पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा. झाला. खांबाला सुई टाक्यात घालायच्या आधीच एक वेढा घेतो आपण, म्हणून सुईवर तीन होतात आणि दोन-दोन करून काढावे लागतात. त्यानेच त्याची उंची वाढते आणि दोन खांबांच्या मधात फट राहते.

ए-४०२ ताई: आणि आकार कानटोपीसारखा का झाला तेही याच्यातच आहे. मुक्या खांबाचं वर्तुळ सपाट ठेवायला प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवले की पुरतं. खांब उंच असतो, त्याला फेरीला १२ वाढवावे लागतात. तुम्ही उंच टाके घातले आणि वाढवले फक्त ६, म्हणून कडा वर वळत गेली. तुमचं मोजणं अगदी बरोबर होतं वहिनी, टाका वेगळा पडला.

गोलूची आई (बी-२०४): हे कोणी सांगितलंच नसतं मला. मी आकडेच पुन्हा पुन्हा तपासून राहिली होती.

ए-४०२ ताई: सुई किती नंबरची आहे?

गोलूची आई (बी-२०४): ४ मिमी. धाग्याच्या कागदावर तेच लिहिलं होतं.

ए-४०२ ताई: ते स्वेटर, टोपीसाठी. तिथे कापड मऊ पडायला हवं. खेळण्याला उलट पाहिजे, घट्ट. त्याच धाग्याला २.५ नाहीतर ३ ची सुई घ्या. बोटं जरा दुखतील, पण कापूस दिसणार नाही. माझ्याकडे २.५ ची जास्तीची आहे, खाली वॉचमनकाकांकडे ठेवते.

या प्रकाराला जपानीत अमिगुरुमी म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेलं आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरलेली बाहुली, दोन्ही मिळून झालेला शब्द. याच्यात फेरी जोडून बंद करायची नसते, गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल फिरतच जायचं. म्हणून फेरी कुठे सुरू झाली ते विसरायला होतं. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावा आणि दर फेरीला ती वर सरकवा.

पोट असं करा: सुरुवातीला ६. मग १२, १८, २४, ३०, ३६. नंतर १० फेऱ्या ३६ वरच. मग तसंच उतरत ३०, २४, १८, १२. बाराला आल्यावर घट्ट भरा, मग ६ करून बंद. बाहेरून बारीक व्ही दिसले पाहिजेत. आडव्या रेघा दिसल्या तर समजा आतली बाजू बाहेर आली, उलटून घ्या.

ए-१०१ काकू: सुरुवातीला धाग्याच्या फासात टाके घालतात ते जादूचं वर्तुळ जमलं नाही तर सोडून दे. दोन साखळ्या घाल आणि पहिल्या साखळीतच सहा मुके खांब घाल. आम्ही तसंच करत होतो. मधात बारीक छिद्र राहिलं तर मागच्या धाग्याने ओढून घे.

बी-१०२: भरायला कापूसच लागतो का? गादीवाल्याकडून आणून देऊ काय? आपल्या विदर्भात कापसाला काय तोटा.

ए-१०१ काकू: कापसाची गोष्ट खरी आहे भाऊ, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आतून लवकर वाळत नाही. पावसाळ्यात कुबट वास येतो. लहान पोराचं खेळणं धुवावंच लागते. उशीतला फायबर पाहिजे. जुनी उशी असेल तर उकल, धुऊन वाळव, पिंजून घे. विकत आणायचा कायले?

बी-३०१ वहिनी: मी मध्येच विचारते. डोळे कोणते लावतात? ते काळे प्लॅस्टिकचे फार गोड दिसतात.

गोलूची आई (बी-२०४): मी तेच आणले आहेत, मागून चकती बसते ते.

ए-४०२ ताई: वहिनी, तुमची छोटी १० महिन्यांची आहे. भावाचं खेळणं तिच्या तोंडात जाणारच. नाव सेफ्टी आइज असलं तरी ३ वर्षांच्या आतल्या बाळासाठी ते नकोत. वीण थोडी सैल असली की चकतीसकट डोळा ओढून निघतो, आणि तेवढा तुकडा घशात अडकायला पुरतो. मणी नाही, बटण नाही. काळ्या धाग्याने डोळे भरा. मी बाळांसाठी करते तेव्हा दुसरं काही लावतच नाही, कोणी कितीही मागितलं तरी.

गोलूची आई (बी-२०४): बरं झालं सांगितलं. उद्याच लावणार होती. मानेत तार घालायचंही मनात होतं, म्हणजे उभी राहील.

ए-१०१ काकू: तार अजिबात नाही!! कधीतरी टोक बाहेर येतेच.

ए-४०२ ताई: मान मागून भरू नका, विणता विणता भरत चला. चिमूटभर फायबर आणि पेन्सिलीचं मागचं टोक. आणि मानेचा बुंधा रुंद करा. १२ टाक्यांवर मान विणली की शेवटच्या दोन फेऱ्यांत १८ आणि २४ करा, मग शिवा. झाडासारखं. तरी मान फार लांब असली तर झुकणार, फोटोत एक वीत दिसते.

शुक्रवार

सी-३०३ काका: सुप्रभात. रात्री लवकर झोपलो, आता सगळं वाचलं. भूविज्ञानात आयुष्य गेलं म्हणून राहवत नाही. सूनबाई, मान लांब कशाला करता? आपल्या विदर्भाचा डायनासोर करा ना. त्याची मान आखूडच होती.

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीत एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. मणके, फासळ्या, कमरेचं हाड, खांदा, पुढचा पाय, एवढं एकाच प्राण्याचं. भारतात इतकं एकत्र क्वचितच मिळतं. १९९७ मध्ये जैन आणि बंडोपाध्याय यांनी त्याचं वर्णन छापलं आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं आहेत त्यात, आय-एस-आय. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. तो ज्या थरात मिळाला त्याला लमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून. त्या थरावर नंतर लाव्हा पसरला, तोच आपला काळा दगड. सेमिनरी हिल्सवर फिरायला जाता तेव्हा त्याच लाव्हाच्या खडकावर चालता तुम्ही.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की याच गटातल्या इतर डायनासोरांपेक्षा आयसिसॉरसची मान आखूड आणि उभी होती, आणि पुढचे पाय लांब. म्हणजे अंग पुढून उंच आणि मागे उतरतं.

गोलूची आई (बी-२०४): काका!! गोलूला वाचून दाखवलं. तो शाळेची बॅग टाकून उड्या मारून राहिला आहे. “आपला डायनासोर, आपला डायनासोर” चालू आहे. वरोरा म्हणजे आनंदवनाचं वरोरा ना, आम्ही तिथे जाऊन आलो, हेही त्याला आठवलं.

सी-३०३ काका: तेच वरोरा.

ए-४०२ ताई: काका, तुम्ही तर मानेचा प्रश्नच सोडवला. वहिनी, मान ६-७ फेऱ्यांची पुरे. सगळे पाय ६, १२, मग एक फेरी फक्त टाक्याच्या मागच्या धाग्यात, म्हणजे तळवा सपाट बसतो. त्यापुढे मागच्या पायांना ४ फेऱ्या आणि पुढच्यांना ६. शेपटी टोकाकडून सुरू करा, ६ पासून, दर दोन फेऱ्यांना एकेक टाका वाढवत १८ पर्यंत.

ए-१०१ काकू: पाय शिवायच्या आधी टाचण्या लावून उभा करून पाहा. टाचण्या मोजून लाव आणि मोजून काढ. एक आत राहिली तर आयुष्यभराचं होईल.

गोलूची आई (बी-२०४): हो काकू. काका, गोलू विचारतो, डोकं कसं होतं?

सी-३०३ काका: त्याला सांगा, डोंगरगावच्या सांगाड्याचं डोकं मिळालंच नाही. मागचे पायही मिळाले नाहीत.

गोलूची आई (बी-२०४): म्हणतो, मग डोकं मी ठरवतो. वही घेऊन बसला आहे.

सेक्रेटरी: टाकीचे काम झाले. पाणी १५ मिनिटांत सुरू होईल. मोटार कोणी बंद करू नये.

शनिवार

बी-३०१ वहिनी: काकू, मलाही शिकवाल का? मला साखळीच्या पुढे काही येत नाही.

ए-१०१ काकू: ये ना माय. ४ वाजता चहाला ये, सुई आणि फिकट रंगाचा धागा घेऊन ये. काळा आणू नको, टाके दिसत नाहीत. मी घरी रुमाल आणि तोरणंच केली आतापर्यंत, डायनासोर पहिल्यांदाच पाहून राहिली. मीही एक करणार आहे, नातवाला पुण्याला पाठवायला.

गोलूची आई (बी-२०४): पोट झालं. एकही भोक नाही. उजेडासमोर धरून पाहिलं! [फोटो]

ए-४०२ ताई: काय सुंदर आलं वहिनी. एकसारखे टाके.

रविवार

गोलूची आई (बी-२०४): [फोटो] [फोटो]
रात्री दीडला शिवून झाला. पुढून उंच, मागे उतरता, काकांनी सांगितला तसा. डोकं गोलूच्या चित्राप्रमाणे आहे, कपाळावर एक टेंगूळ आणि हसरं तोंड. डोळे धाग्याचे. स्वतःच्या पायांवर उभा राहतो. गोलूने नाव ठेवलं डोंगऱ्या. सकाळपासून हातातून खाली ठेवला नाही. संध्याकाळी ६ वाजता सगळ्यांनी केक खायला या, काकू आणि काका तर नक्की.

सी-३०३ काका: पुढच्या पायांची उंची उत्तम साधली आहे. डोंगऱ्याला मी संध्याकाळी हातात घेऊन पाहणार.

बी-१०२: वाढदिवसाच्या गोलूला खूप शुभेच्छा 🎂 आमच्याकडे आता सकाळपासून “मलाही पाहिजे” सुरू झालं आहे.

ए-१०१ काकू: फार गोड झाला बेटा. दुसऱ्या फोटोत शेपटीजवळ धाग्याचं टोक बाहेर दिसते. छोटी नेमकं तेच धरून बसली आहे. आत्ताच सुईत ओवून पोटातून आरपार घे आणि बाहेर येईल तिथे कापून टाक. मग केक आण.