वार (प्लॅसेंटा) एकच, बाळं दोन. एकाभोवती पाणी जास्त, दुसऱ्याभोवती कमी. यातून कोणी गेलंय का?

शेवंती_अमळनेर

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, झेडपीच्या शाळेत शिकवते. पहिलंच बाळंतपण आणि जुळं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच मॅडमनी सांगितलं होतं, की पिशव्या दोन असल्या तरी वार एकच आहे, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासायला यायचं. गेल्या वेळी सगळं ठीक होतं. आता एकोणिसाव्या आठवड्यात जळगावला दाखवलं, तर रिपोर्ट असा आला: मोठं बाळ २९० ग्रॅम, त्याच्याभोवती पाणी ८.६ सेंमी खोल. लहान २२५ ग्रॅम, पाणी १.७ सेंमी. दोघांच्या लघवीच्या पिशव्या दिसतात, डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) चांगलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "टीटीटीएसची, म्हणजे एका जुळ्याचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याच्या दुखण्याची, पहिली पायरी आहे. आठवड्याने परत या. मुंबईच्या फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळांवर उपचार करणाऱ्या) डॉक्टरांना मी रिपोर्ट आजच पाठवते." मी मान हलवत होते, पण निम्मं डोक्यात शिरलंच नाही.

घरी आल्यापासून प्रत्येकाचं काही ना काही सुरू आहे. सासूबाईंचा जीव आहे माझ्यावर, पण दिवसातून दहादा म्हणतात, "तू खास नही, म्हनीसन धाकलं वाढस नही" (तू खात नाहीस, म्हणून धाकटं वाढत नाही). शेजारच्या काकू सांगतात, नारळपाणी वाढव म्हणजे पाणी भरेल. हे म्हणतात, खाटेवरून उठूच नको. मी जेवते हो. दोन्ही वेळ नीट जेवते. तरी ताटावर बसलं की वाटतं, मीच कुठे कमी पडतेय का?

मला एवढंच विचारायचंय: हा आठवडा घरी काय करायचं असतं? आणि मुंबईला जावंच लागलं तर तिथे नेमकं काय होतं? ज्या यातून गेल्यात त्यांनी कृपया सांगा. चांगलंच सांगा असं नाही, खरं सांगा.

पांझराकाठ

शेवंती, तुझं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझं माहेर साक्री तालुक्यात, सासर भुसावळ. माझ्या दोघी मुली याच दुखण्यातून आल्यात.

पहिलं ताटाचं बोलते, कारण ते तुला आतून खातंय. लहान बाळ तुझ्या खाण्यामुळे लहान राहिलेलं नाही. माझ्या माहेरी पांझरेवर फड बागायत आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कोणाच्या वावरात किती सोडायचं ते पाटकरी बघतो. तुझ्या दोन्ही बाळांना एकाच वारेतून रक्त येतंय आणि वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. तिथे वाटणी बघायला पाटकरी नाही. एकाच्या वाट्याचं थोडंथोडं दुसऱ्याकडे वाहत राहतं. तू बंधाऱ्यात कितीही पाणी आणलंस तरी वाटणी तीच राहणार. एकच वार असलेल्या जुळ्यांत शंभरातल्या दहा ते पंधरा जणींना हे होतं, आणि कोणाला होणार ते आईच्या वागण्यावर ठरत नाही. सासूबाईंना हे एवढंच सांग. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी वारेचं चित्र काढून दाखवलं, त्या दिवसापासून त्यांचं बोलणं थांबलं आणि त्या माझ्याबरोबर सोनोग्राफीला येऊ लागल्या.

आता पाण्याचं. या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी. ज्याच्याकडून रक्त जातंय त्याला लघवी कमी होते, म्हणून त्याचं पाणी आटतं. ज्याच्याकडे येतंय त्याला लघवी जास्त, त्याची पिशवी फुगते आणि त्याच्या हृदयावर ताण पडतो. म्हणजे जे मोठं दिसतंय ते सुखात आहे असंही नाही. नारळपाणी तुझ्यासाठी चांगलं आहे, उन्हाळ्यात पी. त्याने लहान्याची पिशवी भरणार नाही.

तुझ्या रिपोर्टमधले आकडे कशासाठी बघतात ते माहीत असलं की थोडं बळ येतं. पाणी एका बाजूला २ सेंमीच्या खाली आणि दुसऱ्या बाजूला ८ च्या वर, दोन्ही एकदम, तेव्हा टीटीटीएस म्हणतात. लहान्याची लघवीची पिशवी दिसते तोवर पहिली पायरी. ती दिसेनाशी झाली की दुसरी. डॉपलर बिघडलं की तिसरी. बाळाच्या अंगात पाणी साठायला लागलं की चौथी, आणि पाचवी म्हणजे बाळ जाणं. या पायऱ्या क्रमानेच येतील असं मात्र नसतं, म्हणून आठवड्याची तारीख चुकवायची नाही. लग्नकार्य असो, आखाजी असो, काही असो. वजनाचंही तसंच: मोठ्याच्या वजनातून लहान्याचं वजा करायचं आणि मोठ्याच्या वजनाने भागायचं. तुझा फरक साधारण २२ टक्के येतो. २५ च्या पुढे गेला की डॉक्टर वाढीचा वेगळा प्रश्न म्हणूनही बघतात. पहिल्या पायरीवरच्या बऱ्याच जणी तिथेच थांबतात, काहींचं आपोआप सुधारतंही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मला मुंबईच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं.

माझं थांबलं नाही. विसाव्या आठवड्यात धाकटीची लघवीची पिशवी पूर्ण सोनोग्राफीभर दिसलीच नाही. डॉक्टरांनी अर्धा तास वाट पाहून परत बघितलं, तेव्हाही नाही. त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही मुंबईला निघालो. हे खालच्या बर्थवर माझ्या पायाशी बसून होते, आणि गाडी चाळीसगाव सोडेपर्यंत दोघांपैकी कोणी बोललं नाही.

मुंबईला नेमकं काय होतं ते विचारलंस. माझं तिथे लेझरचं ऑपरेशन झालं. कमरेखाली भूल दिली, मी पूर्ण जागी होते. पोटातून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण पाणी जास्त असलेल्या पिशवीत घालतात, वारेवरच्या जोडवाहिन्या शोधतात आणि लेझरने एकेक बंद करतात. शेवटी त्या पिशवीतलं जास्तीचं पाणी काढून घेतात. ते निघाल्यावर मला कित्येक दिवसांनी छातीभर श्वास घेता आला. पडद्यावर एक हात दिसला होता, पाच बोटं उघडून पुन्हा मिटली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की दहापैकी आठ-नऊ जणींचं निदान एक बाळ वाचतं आणि दोन्ही वाचण्याचं प्रमाण साधारण सहा-सात जणींचं. पाणी वेळेआधी फुटू शकतं, कळा लवकर येऊ शकतात. आम्ही सही केली, कारण या पायरीवर नुसतं बघत बसणं त्याहून धोक्याचं होतं. हे साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या मधे करतात, म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायला जागा नसते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. लेझरने वाहिन्या तुटतात, वारेची वाटणी बदलत नाही. धाकटीच्या वाट्याला वारेचा लहान तुकडा आला होता, तो लहानच राहिला. म्हणून पाणी सुधारल्यावरही ती मागेच होती, आणि सगळे पेढे मागत असताना मी मात्र दर आठवड्याला डॉपलरच्या टेबलावर. तिसाव्या आठवड्यानंतर तिच्या नाळेतला प्रवाह कमजोर होत गेला. मला बाळांच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं दिली आणि ३२ व्या आठवड्यात सिझर केलं. थोरली १,६५० ग्रॅम, धाकटी १,१२० ग्रॅम. दोघी काचेच्या पेटीत होत्या, धाकटी जास्त दिवस. आज दोघी बालवाडीत जातात. धाकटी अंगाने बारीक आहे, घरात हुकूम मात्र तिचाच चालतो.

मनाचं म्हणशील तर मला दोन गोष्टींनी तारलं. एक, फोन. मी सगळ्यांना सांगून टाकलं की बातमी दिराकडे विचारा. दर रिपोर्टनंतर वीस जणांना तेच सांगून मी रोज नव्याने घाबरायचे, ते बंद झालं. दुसरं, एका वहीत प्रत्येक वेळी तेच चार रकाने: दोघांचं पाणी, लघवीची पिशवी, डॉपलर, वजन. आकडे वहीत गेले की रात्री डोक्यात फिरायचे कमी व्हायचे. रडू आलं तर रड. बाळांना त्याने काही होत नाही.

पारोळेकर

ताई, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. आमचं एक गेलं.

लेझर एकविसाव्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सोनोग्राफीत लहान बाळाचे ठोके नव्हते. वाहिन्या जोडलेल्या असताना एक बाळ गेलं तर दुसऱ्याचं रक्त एकदम तिकडे ओढलं जाऊ शकतं आणि त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. लेझरने दोघांना वेगळं केलेलं होतं, म्हणून दुसऱ्याला तो धक्का बसला नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढे खात्रीसाठी पोटातल्या बाळाचा एमआरआयही केला. आमचा मुलगा आता तिसरीत आहे. त्याला आम्ही सांगितलंय की तुला एक भावंड होतं.

हे सांगितलं ते घाबरवायला नाही. आम्हाला तेव्हा लोक म्हणाले, एक तरी वाचलं ना, मग रडता कशाला? माझी बायको त्या वाक्याने आजारी पडली. तुमच्यावर ती वेळ न येवो. आलीच, तर जे गेलं त्याच्यासाठी रडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तुमच्या मालकांनाही. मी फार उशिरापर्यंत रडलो नव्हतो.

एक कामाचं. पैशाची अडचण असेल तर मुंबईत धर्मादाय रुग्णालय आहे का ते विचारा आणि गेल्याबरोबर तिथल्या समाजसेवकाला भेटा. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या. तिथे गेल्यावर गावाकडून दाखला मागवताना फार हाल होतात.

सिस्टर_नंदुरबार

मी एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, स्टाफ नर्स आहे. वरच्या ताईंनी आणि दादांनी बरंच सांगितलंय, मी फक्त राहिलेलं लिहिते.

दोन तपासण्यांच्या मधे पोट एक-दोन दिवसांत एकदम वाढलं, ताठ झालं, झोपल्यावर दम लागायला लागला, पाय अचानक सुजले, पोट राहून राहून आवळायला लागलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका. त्याच दिवशी जा. आपल्याकडे मे महिन्यात सगळ्या त्रासाचं खापर उन्हावर आणि गॅसवर फोडतात. तुमच्या बाबतीत हे आधी सोनोग्राफीत बघायचं. १०८ ला फोन करताना "जुळं आहे, एकच वार आहे" हे आधी सांगा, आणि गाडी बाळांसाठी एसएनसीयू असलेल्या ठिकाणीच नेतेय ना ते विचारून घ्या.

खाटेला खिळून राहायची गरज नाही. पूर्ण झोपून राहिल्याने टीटीटीएस थांबतो असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो. जड उचलू नका, उन्हात जाऊ नका, एसटीच्या धक्क्यांचा प्रवास टाळा, घरातल्या घरात फिरा. शाळेतून रजा मिळत असेल तर घ्या. हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, जुळ्यात ते लवकर उतरतं. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या बहिणी हे वाचत असतील तर सिकलसेलची तपासणीही करून घ्या.

दर सोनोग्राफीला फॉर्म एफ हा सरकारी फॉर्म भरावा लागतो, म्हणून ओळखपत्र फाइलमध्येच ठेवा. आणि बाराव्या आठवड्याचा तो पहिला रिपोर्ट, ज्यात वार एकच असल्याचं लिहिलंय, तो सगळ्यात वर ठेवा. रात्री ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच कळायला हवं.

पांझराकाठ ताई, तुमच्या धाकटीला माझा गोड पापा.

शेवंती_अमळनेर

सगळ्यांचे आभार. पारोळेकर दादा, तुमचं वाचून आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. मग हे पहिल्यांदाच म्हणाले की मलाही भीती वाटते. तोवर मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय.

काल परत दाखवलं. लहान्याची लघवीची पिशवी दिसली, पण भरायला वेळ लागला. पाणी १.४ आणि ९.१. फरक २४ टक्के. डॉपलर अजून चांगलं. मॅडमनी मुंबईशी बोलून उद्याचीच वेळ घेतली आहे. म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाची लांबीही मोजतील, आणि गरज पडली तर परत यायला न लावता तिथेच लेझर ठरवतील.

सासूबाईंना फडाच्या पाण्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग ते जोड तोडता येतस का?" मी म्हटलं, हो, तेच करायला चाललोय. आता कळण्याच्या भाकरी बांधून देताहेत आणि बरोबर येते म्हणून हट्ट धरलाय.

वही घेतली आहे. पांझराकाठ ताई, तिथे विचारायचे प्रश्न मी असे लिहिलेत, काही राहिलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा: वार पोटाच्या पुढच्या बाजूला आहे, त्याने लेझरला अडचण येते का? लेझरनंतर तिथे किती दिवस राहायचं? पुढच्या आठवड्याच्या तपासण्या जळगावला चालतील का? आणि बाळंतपण लवकर करायची वेळ आली तर नाशिकला जायचं की जळगावलाच थांबायचं, हे कोणत्या आठवड्यापर्यंत ठरवून ठेवायचं?