जुनाट दुखणं आणि मन-शरीराचे उपाय : तुमचे अनुभव लिहा

दुखणं तीन महिन्यांच्या वर रेंगाळलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. माझी कंबर त्याच्या कितीतरी पुढे गेलेली. एमआरआयच्या रिपोर्टात 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) वाचल्यापासून मी वाकायलाच घाबरत होते. पायाशी पडलेला चमचाही मुलीला उचलायला सांगायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो रिपोर्ट बाजूला ठेवून सांगितलं की ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांच्या स्कॅनचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, आणि त्यात विशीतल्या ३० टक्के व ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांना असा बल्ज निघाला. मग त्यांनी वाकायला शिकवलं. आधी झोपून गुडघे पोटाशी, मग खुर्चीत बसून हात पावलांकडे, मग उभ्याने, दर वेळी श्वास सोडत. कंबर अजून दुखते, पण भीती गेली आणि दुखण्याची धार खूप कमी झाली.

याला कुणी 'मनाचे खेळ' म्हटलं की मला राग येतो. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांचाही हात असतो. म्हणजे ताण आणि भीतीने वाढलेलं दुखणंही तितकंच खरं दुखणं.

तुम्ही काय केलंत, कुणी शिकवलं, कशाने फरक पडला नाही, तेही लिहा. औषधांचे डोस मात्र इथे नकोत.

माणदेशी, सांगली
मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा. रिपोर्ट सगळे नॉर्मल, त्यामुळे सासरी 'हिला काही झालेलं नाही' हे ठरलेलं. बरं वाटलं त्या दिवशी मी पडदे धुण्यापासून फराळापर्यंत सगळं उरकायचे आणि पुढचे दिवस अंथरुणात. आता निम्म्या भाकऱ्या झाल्या की बसते, दुखायला लागायच्या *आधी*. हे 'आधी' पाळणं सगळ्यात अवघड गेलं. दुपारी योगनिद्रा, आणि डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी चालू आहे.

रानवाट, यवतमाळ
भावाबद्दल लिहितो, त्याला विचारूनच. कडबाकुट्टीत डावा हात गेला, कोपराच्या खालून काढावा लागला. जखम भरली, पण नसलेल्या हाताची मूठ आवळलेली आहे, नखं तळव्यात रुततात, असं तो रात्री-बेरात्री सांगायचा. एका दवाखान्यात 'मानसिक आहे' म्हणून झोपेच्या गोळ्या देऊन पाठवलं. त्या दिवसापासून त्याने सांगणंच बंद केलं, आणि मला ते त्याच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने आरशाचा उपाय शिकवला. मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात शोधलेला. आम्ही कपाटाचा आरसा काढून टेबलावर छातीसमोर उभा धरला. उजवा हात आरशापुढे, डावा उरलेला भाग मागे झाकलेला. अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, कारण डाव्या हातात ते कधी नव्हतं आणि मेंदूला आरशातला हात आपला वाटला पाहिजे. उजवी मूठ घट्ट मिटायची आणि अगदी सावकाश उघडायची. आरशात डावी मूठ उघडताना दिसते. पहिल्या काही दिवसांत नुसतं विचित्र वाटायचं. मग एका संध्याकाळी तो 'सुटली' म्हणाला आणि रडला. आईही रडली.

सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, हे थेरपिस्टने आधीच सांगितलं होतं. त्याला मूठ आवळण्याचा त्रास बराच कमी झाला. थंडीत झिणझिण्या येतात त्या येतातच.

लालपरी, नाशिक
एसटीत चालक होतो. मान आणि कंबर दोन्ही गेलेली. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. अर्जात दुखणं स्पष्ट लिहिलं होतं, बसायला खुर्ची मिळाली. ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींना स्वतःला भयंकर मायग्रेन होतं, मॉर्फीनपर्यंत वेळ गेली होती. त्यातून ते १९५५ मध्ये ब्रह्मदेशात त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. तरीही ही साधना रोगावरचा इलाज म्हणून करू नका, असं तिथे बजावतात, आणि ते बरोबर आहे. मला कळलं ते इतकंच की गुडघ्यातली जळजळ वेगळी आणि 'आता जन्मभर असंच' हा विचार वेगळा. जळजळ कमी-जास्त होत राहते. तो विचार मात्र मी चोवीस तास वाहत होतो.

परसदार, न्यू जर्सी
मी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा) वर्ग केला, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला. दुखऱ्या खांद्यावर लक्ष नेलं की माझं दुखणं वाढायचं. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, लक्ष तळपायांवर ठेव, खांद्याशी क्षणभर जाऊन परत ये. ज्यांना ध्यानात दुखणं वाढतं त्यांनी हे करून बघा.

केवडा, रत्नागिरी
मला आमवात आहे, रक्ततपासणीत निघालेला. प्राणायामाने झोप लागते, चिडचिड कमी झाली. पण बोटांची सूज उतरली ती औषधाने. नात्यातले एकजण 'मन खंबीर कर, गोळ्या सोड' म्हणून मागे लागले होते. मी सोडल्या नाहीत. सूज तशीच राहिली तर सांधे कायमचे वाकडे होतात, हे इथे कुणीतरी ठळक लिहायला हवं होतं.

धागाकर्ती
केवडा, मनापासून आभार. त्याला जोडून : कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला, तर श्वास आणि ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरी आधी तपासणी.

ओसरी, लातूर
रानवाट, वडिलांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढलाय. नसलेला अंगठा पिळवटतो म्हणतात. पायासाठी आरसा कसा लावायचा?

रानवाट, यवतमाळ
आधी सर्जनना विचारा, टाके पूर्ण भरलेत ना. पलंगावर पाय लांब करून बसवायचं, लांबोडका आरसा दोन्ही पायांच्या मध्ये आडवा उभा करायचा, चांगल्या पायाकडे तोंड करून. मोजा, पैंजण, काळा दोरा काही नको. घोटा वर-खाली, बोटं मिट-उघड, सावकाश. चक्कर आली किंवा दुखणं वाढलं तर लगेच थांबवायचं. सुरुवातीला थेरपिस्ट समोर असलेला बरा. आमच्याकडे आरसा घसरत होता, मागून उशी लावल्यावर बसला.