शनिवारचा तिळगूळ पुढे ढकलला, आणि फूटपट्टी कुठे लावायची

प्रेषक: सचिव, एडिसन
गुरुवार 21 जानेवारी 2016, रात्री 9.40 (न्यू जर्सी)

सभासदहो, स. न. वि. वि.

बर्फाचं मोठं वादळ येतंय, म्हणून आपल्या मंडळाचा शनिवारचा संक्रांतीचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. हॉलवाल्यांनीच आज फोन करून सांगितलं की शनिवारी कुलूप उघडायला कोणी येणार नाही. रथसप्तमी यंदा 14 फेब्रुवारीला आहे, म्हणजे 13 तारखेच्या शनिवारी हळदीकुंकू करता येईल. तिळगुळाचे डबे माझ्या गॅरेजमध्ये आहेत, कोणी काळजी करू नये. वाणाच्या वाट्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या तिथेच ठेवाव्यात, शुक्रवारी इकडेतिकडे न्यायला गाडी काढू नये.

वॉशिंग्टन-बाल्टिमोरच्या बाजूला दोन फूट बर्फाची भाषा चालू आहे. आमच्याकडचा अंदाज दर सहा तासांनी वर-खाली होतोय. ज्यांना मोजायची हौस आहे त्यांनी याच धाग्यावर लिहावं, तिळगुळाच्या चौकशीसाठी मला वेगळा मेल करावा.

---

प्रेषक: काका, नौपाडा, ठाणे
शुक्रवार 22 जानेवारी, सकाळी 10.15 (भारत)

सचिवांस आशीर्वाद.

मोजायची हौस आहे म्हणता तर आज दिवसाउजेडी तयारी करा, उद्या बर्फात नाही. मागच्या खेपेला या यादीवर जे आकडे आले त्यात एक गाडीच्या टपावरचा होता, एक कुंपणाशी साचलेल्या ढिगाचा आणि एक शेजाऱ्याने सांगितलेला. अशा आकड्यांची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

दोन फूट बाय दोन फूट प्लायवुडचा तुकडा घ्या, त्याला पांढरा रंग द्या. रंग पांढराच, कारण गडद फळी ऊन शोषते आणि पहिला बर्फ वितळतो. घर, झाड आणि ड्राइव्हवे यांच्यापासून लांब, सपाट जमिनीवर ठेवा. गवतावर नुसती पट्टी खुपसली तर गवताची उंचीही बर्फात धरली जाते. मोजणी इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. मोजून झाल्यावर फळी पुसून पुन्हा बर्फावरच ठेवायची, पण सहा तासांच्या आत पुसायची नाही. हा नियम फार मोलाचा आहे. बर्फ पडल्यावर आपल्याच वजनाने दबत जातो. दर तासाला फळी पुसून आलेले इंच मिळवत गेलात तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. वारा असला तर चार-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

आणि फळीशेजारी एक काठी रोवा, तिला लाल चिंधी बांधा. अठरा इंच बर्फाखाली पांढरी फळी शोधणं हा निराळाच उद्योग होतो.

कोकोराझ या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेवकांकडे चार इंच व्यासाचं पर्जन्यमापक असतं, ते आपल्यापैकी दोघांकडे आहे. त्यातली आतली नळी आणि नरसाळं काढून ठेवा, बाहेरचं भांडं तसंच उभं राहू दे. त्यात पडलेला बर्फ वितळवून पाणी मोजायचं. ती संस्था 1998 साली कोलोरॅडोत सुरू झाली, त्याआधीच्या जुलैत फोर्ट कॉलिन्सला पूर आला होता त्यातून. गावाच्या एका टोकाला ढगफुटी आणि दुसऱ्या टोकाला किरकोळ सरी, आणि मधली नोंद कोणाकडेच नाही. आम्हा ठाणे-मुंबईकरांना हे काही नवीन नाही.

इकडे तलावपाळीवर सकाळी मफलर गुंडाळून फेऱ्या मारणारे दिसले. त्यांना तुमचे फोटो दाखवणार आहे.

---

प्रेषक: व्हर्जिनियाचा दादा
शुक्रवार 22 जानेवारी, रात्री 10.30 (वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळ)

काका, काठी रोवली आहे. चिंधी बायकोच्या जुन्या ओढणीची आहे, लाल नाही, राणी कलर.

दुपारी एकच्या सुमारास पहिले कण आले. संध्याकाळी साडेसातला फळीवर 6.2 इंच. आत्ता पट्टी घेऊन परत बाहेर जायचं होतं, पण नियम आठवून बसलोय. जमीन आधीच थंड होती त्यामुळे पहिला कणसुद्धा वाया गेला नाही. रस्त्यावर कोणी नाही, मेट्रो रात्री अकरापासून शनिवार-रविवार पूर्ण बंद. वॉशिंग्टनच्या भागात गडगडाटासह बर्फ झाल्याचं काही जण सांगतायत. मी ऐकलेलं नाही, म्हणून माझ्या नोंदीत ते नाही.

---

प्रेषक: ताई, नेरूळ
शनिवार 23 जानेवारी, संध्याकाळी 7.40 (भारत)

सगळे बर्फाकडे बघताय, मी सकाळपासून (तुमच्या) समुद्राकडे बघतेय. नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेच्या साइटवर भरतीच्या मापकाचा आकडा दर सहा मिनिटांनी येतो. दक्षिण जर्सीतल्या केप मेच्या आलेखावर अंदाजाची रेघ खाली राहिली आणि प्रत्यक्षातली वर गेली, ती वरच गेली. आज सकाळच्या भरतीला तिथलं पाणी 2012 च्या सॅंडी चक्रीवादळाच्या वेळच्या पातळीच्याही वर चढलं. वाइल्डवुडचे रस्ते पाण्याखाली आहेत.

कारण दोन. ईशान्येचा वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे ढकलतोय, आणि पौर्णिमा आहे. पौष पौर्णिमेचं उधाण आणि वादळ एकाच दिवशी. तुम्ही लोक सॅंडीला चक्रीवादळ म्हणून घाबरता आणि नॉरईस्टरला, म्हणजे आत्ताच्यासारख्या ईशान्य वाऱ्याच्या वादळाला, बर्फ म्हणून हसता. वारा कोणत्या नावाच्या वादळाचा आहे हे समुद्राला कळत नाही.

नवी मुंबईकरांना हे पाठ असतं. आमचे बरेच सेक्टर भरतीच्या पातळीखाली आहेत. पावसाचं पाणी आधी धारण तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. भरतीला झडपा मिटतात. पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाणी तलावातच थांबतं, आणि तलाव गाळाने भरलेला असला की रस्त्यावर येतं. म्हणून जुलैत मी आधी भरतीचं कोष्टक बघते, मग आकाश.

दक्षिण जर्सीत आपले कोण आहेत? आज रात्रीच्या भरतीआधी गाडी उंचावर लावा. खारं पाणी इंजिनात गेलं की गाडी गेलीच.

---

प्रेषक: वहिनी, क्वीन्स
शनिवार 23 जानेवारी, दुपारी 3.05 (न्यूयॉर्क)

बसेस बारा वाजता थांबल्या. अडीचपासून खासगी गाड्यांना रस्त्यावर यायला बंदी. उघड्यावरून धावणाऱ्या सबवे चारला बंद होणार. मी काल रात्रीच दूध आणि कोथिंबीर आणून ठेवली, आमच्याकडची कोथिंबीर संपली की ते खरं संकट.

रडारवर एक जाड पट्टा दिसतोय, तो सकाळपासून आमच्या डोक्यावरून हलायला तयार नाही. या पट्ट्याखाली तासाला दोन-तीन इंच पडतो आणि त्याच्या बाहेर जेमतेम अर्धा. आल्बनीच्या भाच्याला फोन केला तर तिथे कोरडं आहे! न्यूयॉर्क शहरात पाऊल बुडतंय आणि त्याच राज्याच्या राजधानीत रस्ते मोकळे. कालपर्यंत आम्हाला अंदाज एक फुटाच्या आतबाहेर होता, कारण वादळाची उत्तरेची कड कुठे थांबणार यावरच सगळं होतं. ती कड जरा वर सरकली आणि आमचं भविष्य बदललं.

टीव्हीवर जो तो ब्लिझार्ड म्हणतोय. यजमानांनी व्याख्या काढून वाचून दाखवली: ताशी 35 मैल किंवा जास्त वारा, अथवा वारंवार तेवढे झोत, पाव मैलापलीकडे दिसत नाही, आणि हे सलग तीन तास. बर्फ किती पडला याचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे फूटभर बर्फ शांतपणे पडला तर ब्लिझार्ड नाही, आणि आधीच पडलेला बर्फ वाऱ्याने उडवला तर आहे. मला हे ऐकून उगाच बरं वाटलं.

---

प्रेषक: एक आई, घोडबंदर रोड
शनिवार 23 जानेवारी, उशिरा रात्री (भारत)

मुलगा मुंबई विमानतळावरून परत घरी आला. नेवार्कचं विमान रद्द, आता बुधवारचं तिकीट. तो वैतागलाय, मी थालीपीठ लावलंय. तुम्ही लोक लिहीत राहा, आम्ही दोघं वाचतोय.

---

प्रेषक: काका, नौपाडा, ठाणे
रविवार 24 जानेवारी, संध्याकाळी 6.00 (भारत)

सेंट्रल पार्कचा आकडा आला: 26.8 इंच. फेब्रुवारी 2006 चा विक्रम 26.9 आहे. 1869 पासूनच्या नोंदीत एक दशांश इंचाने दुसरा नंबर! ज्यांनी माझ्या 'इंचाच्या दहाव्या भागापर्यंत' या सूचनेवर खासगी मेलमध्ये विनोद केले होते, त्यांनी ते परत वाचावेत. न्यूयॉर्कच्या विमानतळांपैकी जेएफकेला 30.5, लागार्डियाला 27.9; तिकडे बाल्टिमोरला 29.2, डलेसला 29.3.

आता आमच्याकडचा हिशेब. ढोबळ मानाने दहा इंच बर्फात एक इंच पाणी असतं. ओल्या जड बर्फात पाच-सातलाच एक, आणि कोरड्या भुरभुरीत बर्फात पंधरा-वीसला एक. दहाचा हिशेब धरला तर सेंट्रल पार्कच्या 26.8 इंचांत पाणी निघतं सुमारे 68 मिलिमीटर. आमचं हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेलं की जोरदार पाऊस म्हणतं, आणि 204.4 च्या पुढे अतिवृष्टीची शेवटची पायरी. म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं शहर ज्याने बंद पडलं, तेवढं पाणी ठाण्यात जुलैच्या एखाद्या मंगळवारी पडतं आणि लोक गोखले रोडवर छत्री उघडून भजी घेतात.

उलट करून बघा. 26 जुलै 2005, सांताक्रूझ 944 मिलिमीटर. तेवढ्या पाण्याचा बर्फ दहाच्या हिशेबाने झाला असता तर नऊ मीटरच्या वर, म्हणजे आमच्या सोसायटीचे तीन मजले. आणि त्याच 24 तासांत कुलाब्याला 74 च्या आसपास. एकाच शहरात! वहिनींचा पट्टा आणि आल्बनीचं कोरडं आकाश वाचताना मला तेच आठवत होतं. त्या दिवशी फक्त कुलाब्याची नोंद असती तर मुंबईत फारसं काही झालंच नाही असं कागदावर राहिलं असतं.

पाण्याचा फरक एवढाच की ते वाहून जातं आणि बर्फ तिथेच बसून राहतो. तो उचलायला तुम्हाला फावडं लागतं, आम्हाला गटार. गटाराबद्दल मी इथे लिहीत नाही, विषय वाढेल.

फावडं मारताना पन्नाशीच्या पुढच्यांनी थांबत थांबत मारा. थंडीत एकदम जोर केला की हृदयावर ताण येतो. दर हिवाळ्यात माणसं त्यात जातात.

---

प्रेषक: व्हर्जिनियाचा दादा
रविवार 24 जानेवारी, रात्री 8.15

काका, तुम्हाला आवडेल अशी बातमी. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाने 17.8 इंच नोंदवले. डलेसला 29.3 आणि नदीकाठच्या विमानतळाला 17.8, यावर दिवसभर वाद चाललाय. आता कळतंय की तिथल्या निरीक्षकांना त्यांची फळीच सापडेना, बर्फात गाडली गेली! मग त्यांनी दुसऱ्या ठिकाणी पट्टी लावून मोजलं.

माझी ओढणी अजून दिसतेय. आमच्याकडे एकूण 28.4. विमानतळवाल्यांना ओढणी पाठवू का?

(नदीकाठी थोडं उबदार असतं आणि मध्ये स्लीट (गोठलेले पावसाचे थेंब) मिसळली होती, त्यामुळे आकडा कमी असणं अशक्य नाही. पण कमी म्हणजे किती कमी, हे फळीशिवाय कोण सांगणार.)

---

प्रेषक: सचिव, एडिसन
रविवार 14 फेब्रुवारी 2016

कालचा कार्यक्रम झाला. आज सकाळी सेंट्रल पार्कला उणे 1 फॅरनहाइट होतं. काका, सेल्सियसमध्ये उणे 18. काल रात्री पैठणी नेसून पार्किंगमधून हॉलपर्यंत चालत आलेल्या सर्व भगिनींचे मंडळ आभारी आहे. तिळगूळ उत्तम होता, फक्त वड्या फोडायला बत्ता आणावा लागला.

---

प्रेषक: काका, नौपाडा, ठाणे
शनिवार 7 मे 2016

जानेवारीचा धागा पुन्हा वर काढतोय, कारण चौकशीचा निकाल आला आहे आणि यादीवर कोणी टाकला नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेने त्या वादळातले वादग्रस्त आकडे तज्ज्ञांकडून तपासून घेतले. सेंट्रल पार्कचा आकडा 26.8 नव्हे, 27.5. मोजणी बरोबर झाली होती, निरोप पोचवताना गडबड झाली. म्हणजे 2006 मागे पडला आणि 2016 पहिल्या नंबरावर. वॉशिंग्टनचे 17.8 तसेच राहिले, हरवलेल्या फळीसकट.

नेवार्क विमानतळाचे 28.1 इंच मात्र बाद. तिथे दर तासाला मोजून बेरीज केली होती. सहा तासांचा नियम.

दादाने ओढणी जपून ठेवावी.

आता आपल्याकडचं. पंधरा मेनंतर मी गच्चीवरचं पर्जन्यमापक धुऊन समपातळीत बसवतो. ठाणे आणि नवी मुंबईत आपले परत आलेले सभासद आहेत, शिवाय अनेकांचे आईवडील आहेत. एक जूनपासून सकाळी साडेआठची नोंद या यादीवर टाकूया, मिलिमीटरमध्ये, दशांशासह. हवामान खात्याचा दिवस साडेआठलाच बदलतो, त्यामुळे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येईल. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा. कुंडीत ठेवलेली बादली चालणार नाही.

---

प्रेषक: ताई, नेरूळ
शनिवार 7 मे 2016

मी आहे. सोबत रोजच्या भरतीची वेळ आणि उंचीही टाकेन. काका, मुसळधार असेल तेव्हा आमचं मापक काठोकाठ भरायला येतं. मध्ये रिकामं करून बेरीज केली तर चालेल ना, की सहा तास थांबायचं?

---

प्रेषक: काका, नौपाडा, ठाणे
शनिवार 7 मे 2016

खुशाल करा, दर तासाला करा. पाणी दबत नाही. फक्त ओतण्याआधी आकडा लिहून घ्या, नंतर आठवून लिहू नका.