मदत हवी आहे : रविवारच्या मॅचसाठी हॉकी गोलकीपर (पिंपरी)

नमस्कार मंडळी. आमचा नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्यांचा हॉकी संघ आहे, बहुतेक जण खडकी-दापोडीचे. रविवारी सकाळी ७ वाजता नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर लीगची शेवटची मॅच आहे. बरोबरी झाली तरी वरच्या गटात टिकतो, हरलो तर खाली.

गेल्या मॅचमध्ये ड्रॅग फ्लिक (स्टिकने ओढून जोरात मारलेला फटका) अडवताना आमच्या गोलकीपरचा अंगठा मोडला. ग्लव्ह काढला तेव्हा नखापासून मनगटापर्यंत काळानिळा. तरी 'टेप लावा, खेळतो' म्हणत होता. त्याला खेळवणार नाही, हे नक्की.

दुसरा कीपर नाही. २०१९ च्या नियमबदलानंतर पॅड-हेल्मेट घातलेला पूर्ण कीपर नसेल तर अकराही जण साधे खेळाडू; डीमध्येसुद्धा (गोलसमोरच्या अर्धगोलात) कुणालाच पायाने बॉल अडवता येत नाही. समोरच्यांचा ड्रॅग फ्लिक मारणारा बघता पेनल्टी कॉर्नरला (डीमधल्या फाउलवर समोरच्यांना मिळणाऱ्या गोलच्या संधीला) आमचे हाल होतील.

कुणी कीपर, अगदी कॉलेजात खेळलेलाही, येईल का? शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय. पॅड, किकर (बुटांवर घालायचं जाड कवच), हेल्मेट आहे. उजव्या हाताचा ग्लव्ह मात्र फाटलाय, कुणाकडे असल्यास एका दिवसापुरता द्या. येण्या-जाण्याची सोय आम्ही करू. कृपया इथेच कळवा.