800 च्या फ्लोअरसाठी पहिलं मिग मशीन: गॅसवालंच घ्या, असं माझं ठाम मत

रत्नागिरीकर:
आमच्या जुन्या मारुती 800 चं फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाखाली कुजलंय. रबरी मॅट उचलली, खालचं ओलं कार्पेट सोललं आणि स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. वडिलांची गाडी आहे, भंगारात द्यायची नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी गॅसलेस मिग घेतलं, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन; यात गॅसऐवजी वायरीतली पूडच वितळत्या धातूला हवेपासून वाचवते. दुकानदार म्हणाला, "200 अँपियर आहे, काहीही जोडा."

गाडीचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिलिमीटर. त्याला 40-50 अँपियर पुरतात. माझं मशीन त्या पातळीवर नीट पेटायचंच नाही. वाढवलं की भोक, ते भरायला गेलं की शेजारी दुसरं भोक. परवा मित्राच्या गॅसवाल्या मशीनवर 0.8 मिलिमीटरची साधी (आत पूड नसलेली) वायर लावून तसाच तुकडा जोडला आणि पहिल्या तासात जमलं. नवशिक्याने कमाल अँपियर बघूच नयेत. मशीन कमीत कमी कितीवर शांतपणे चालतं ते विचारावं, आणि उरलेले पैसे सिलिंडर-रेग्युलेटरवर घालावेत.

पिंपरीचा_हौशी:
दादा, पूर्ण असहमत. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करतो. तिथे सिलिंडर आणला तर सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतील. शिवाय उघड्यावर वारा आला की गॅस उडतो आणि वेल्डिंग जाळीदार होतं. गॅसलेसला ती भीती नाही. एक विचारतो: तुमच्या मशीनला गॅसलेस वायर लावलीत तेव्हा पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, बदललीत का? गॅसलेस वायरला टॉर्च (जिच्या टोकातून वायर बाहेर येते ती हातातली नळी) मायनसवर लागतो, साध्या वायरला प्लसवर.

रत्नागिरीकर:
पहिले दोन महिने नव्हती बदलली, हे खरं. तेव्हा फोडणीतल्या मोहरीसारखे थेंब उडायचे. बदलल्यावर बराच फरक पडला. तरी 0.8 च्या पत्र्यावर भोकं थांबली नाहीत.

फॅब्रिकेशनवाला_सांगली:
माझं गेटं-ग्रिलचं वर्कशॉप आहे, 22 वर्षं झाली. तुम्ही दोघं मशीनवर भांडताय, पण हात कुणी बघत नाहीये. पातळ पत्र्यावर सलग ओढायचंच नसतं. एक ठिपका मारा, चार बोटं सोडून दुसरा, मग परत मधे. पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्या. सलग ओढलात तर गॅसवरही पत्रा पापडासारखा वाकणार. आणि मधल्या फटी कमी ठेवा. तुकडा नीट कापून बसवण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

गॅसबद्दल मात्र रत्नागिरीकरांशी सहमत. नुसता सीओटू स्वस्त पडतो, पण आत जास्त घुसतो आणि शिंतोडेही जास्त. आर्गॉन-सीओटूचं मिश्रण पातळ पत्र्याला मऊ लागतं.

संगमनेरची_ताई:
मी वेगळंच म्हणते. 800 ला वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि दाराखालची सिल हाच तिचा सांगाडा. वरून सुंदर दिसणारं वेल्डिंग आत चिकटलेलंच नसेल तर? सीटबेल्टचा बोल्ट, सीटचे पाय, सस्पेंशनच्या जागा इथे शिकाऊ हाताने टॉर्च लावू नये. या भागासाठी अनुभवी डेंटरच हवा. माझ्या भावाने अशीच सिल घरी जोडली आणि जॅक लावताच टाके उकलले. सुदैवाने खाली कुणी नव्हतं.

पिंपरीचा_हौशी:
ताईंचं हे म्हणणं मशीनच्या वादापेक्षा महत्त्वाचं आहे. पण मग शिकायचं कधी? माझं उत्तर: आधी भंगारातला बॉनेट आणा. दोन तुकडे जोडा, ते पकडीत धरून वाकवा. टाका सुटला तर अजून गाडीला हात लावायचा नाही.

फॅब्रिकेशनवाला_सांगली:
बरोबर. आणि विजेचं बघा. 50 अँपियरवर वेल्डिंग करताना घरातला 16 अँपियरचा पॉइंट पुरतो. तेच मशीन पूर्ण 200 ला नेलंत तर त्याला 25 अँपियरच्या वर लागतात, एमसीबी पडणारच. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळून ठेवू नका, तापते. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. सीट, कार्पेट बाहेर, पाण्याची बादली जवळ. काम संपल्यावर अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. गाडीच्या खालचा गंजरोधक काळा कोट आतल्या आत धुमसतो. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट घ्याच. रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं ते मी भोगलंय.

रत्नागिरीकर:
ताई, तुमचं मानलं. सीटबेल्टच्या बोल्टाभोवतीचा भाग आणि सिल आमच्या डेंटरकाकांकडे. मधलं सपाट फ्लोअर मी करणार. गॅसबद्दलचं मत मात्र बदलत नाही. आमच्याकडे पडवी तिन्ही बाजूंनी बंद आहे, वारा लागत नाही.

पिंपरीचा_हौशी:
पडवी असती तर मीही गॅसच घेतला असता. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा मात्र. बंद जागा आहे म्हणता, तर मागचं दार उघडं ठेवा, आणि जस्ताचा थर दिलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरने काढा, तेही तोंडाला मास्क लावून. तो पांढरा धूर घेतला की रात्री ताप भरतो.